दुखवट्याच्या घरातली पेटी

वर्ष पाळायचं असलं की घरात कढई ठेवत नाहीत, नवं लुगडं घेत नाहीत आणि गाणं वाजवत नाहीत. सणाला शेजारून कोणी पुरणाची पोळी आणून दिली तर ती खायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. तेव्हापासून आमच्या घरात वर्ष सुरू आहे. कढईचं आणि लुगड्याचं मला काही वाटलं नाही. चुलीपुढे तळत बसायची ताकदही अंगात नव्हती. गाण्याचं मात्र जड गेलं. त्या गेल्यापासून माझी झोप उडाली होती, आणि अंग जरा सैल पडायचं ते एकाच तऱ्हेच्या गाण्यानं.

ते गाणं आपल्याकडचं नाही. माझ्याकडे कसं आलं ते आधी लिहिते.

आत्याबाई पडल्या आणि त्यांचं कंबरेखालचं अंग गेलं. मोठ्या जाऊबाई समोरच्या घरात वेगळ्या राहतात. आत्याबाई आमच्याकडे होत्या, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. सकाळी त्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, गोधड्या धुवायच्या, भरवायचं, मग वावरात जायचं, दुपारी परत येऊन पुन्हा तेच. माझी मुलगी पुण्याला कंपनीत कामाला आहे. तिनं तिचा जुना फोन मला दिला आणि भजन कसं लावायचं ते दाखवून गेली. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं ओळखू येत नाहीत. मी चित्र पाहून बोट ठेवायची. पेटी दिसली की भजन.

हा फोन एक झालं की आपल्या मनानं दुसरं लावतो. एका दुपारी मी अंगणात दगडावर गोधडी धूत होते आणि आतून पेटीचा आवाज बदलला. भजनाची पेटी एका जागी मांडी घालून बसलेली असते. ही पेटी कोणी खांद्याला अडकवून पळत सुटल्यासारखी वाजत होती. सोबत काहीतरी पत्र्यावर खरखर घासत होतं. मला वाटलं फोन बिघडला. बंद करायला धावत गेले, पण माझे हात ओले. ओलं बोट फोनला कळत नाही. मी पदराला हात पुसत होते तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या,

"लग्न कोनाचं हाय वो?"

"कोनाचंच नाई, आत्याबाई. फोन आपल्या मनानं वाजून राह्यला."

"मंग वाजू दे. कोनाचं तरी असंनच."

मी वाजू दिलं. परत गोधडीकडे गेले. गोधडी आपटताना माझा हात त्या ठेक्यावर पडत होता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

त्या दिवसापासून दुपार झाली की आत्याबाई म्हणायच्या, "ते लग्नाचं लाव." मी फोनला तोंडानं सांगायला शिकले. 'परदेशी पेटी' असं म्हटलं तर तो भलतंच काही दाखवायचा. मग मी मुलीला विचारलं. तिनं ऐकून सांगितलं की याला केजन म्हणतात, आणि ते पत्रा घासणारं आहे ना, ते झायडेको. दोन्ही अमेरिकेच्या खालच्या अंगाला वाजतात, जिथं सगळीकडे पाणी आणि दलदल आहे. हे शब्द पाठ करायला मला वेळ लागला. फोनपाशी तोंड नेऊन बोलायचीही लाज वाटायची. घरात कोणी नसताना बोलायची.

आत्याबाईंना फोन दिसत नव्हता. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. मी कामातून जाता येता पाहायची आणि त्यांना सांगायची.

"नवरदेव कसा हाय?" त्या विचारायच्या.

"बुढा हाय, आत्याबाई. दाढी पांढरी हाय. तोच पेटी वाजवून राह्यला."

"फुटलं पोट्टीचं नशीब."

"पोट्टी बी बुढीच हाय. दोघं नाचून राह्यले."

"मंग बरं हाय. नाचू दे."

ते लोक खरंच नाचतात. म्हातारी माणसंही नाचतात, बायकोच्या पाठीवर हात ठेवून, तोंडं गंभीर करून, जसं काही हे कामच आहे आणि ते नीट व्हायला हवं. त्यांची पेटी लहान असते. दोन्ही हातांत धरून ती ताणायची आणि दाबायची. एक जण सारंगीसारखं वाद्य हनुवटीखाली धरून वाजवतो. एका बाईच्या हातात लोखंडाची तिकोनी सळई टांगलेली असते, ती तिच्यावर गज मारत राहते. मुलगी म्हणाली की जुन्या काळी ही सळई गवत ओढायच्या दाताळ्याच्या लोखंडाची करायचे. ते ऐकून मला ती माणसं जवळची वाटली. आमच्याकडेही मोडलेल्या वखराचं काही ना काही होतंच. झायडेकोत एक माणूस अंगात पन्हाळी पत्र्याची बंडी घालतो, आमच्या गोठ्यावर आहे तसल्याच पत्र्याची, आणि दोन्ही हातांनी चमच्यांनी ती खरवडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. घरात किती दिवसांनी हसले असेन ते सांगता येत नाही.

मुलीनं आणखी एक सांगितलं. केजनवाल्यांचे वाडवडील दुसऱ्या मुलखातून हाकललेले होते, आणि झायडेकोवाल्यांचे वाडवडील तिथल्या उसात गुलाम म्हणून राबलेले. दोघांची घरची भाषा एक होती, आणि शाळेत ती बोलली तर पोरांना शिक्षा व्हायची. आमच्या शेजारच्या तांड्यातले लोक दरवर्षी ऊस तोडायला खाली जातात, ते आठवलं. शाळेत गुरुजी मला 'मले' म्हटलं की उभं करायचे तेही आठवलं. मी लिहिताना 'मला' लिहिते. तोंडात अजून 'मले'च आहे.

त्यांचं बोलणं मला एक अक्षर कळत नाही, आणि ते बरंच आहे. दिवसभर जे बोलणं कळतं त्यात माझ्यासाठी काम असतं. पाणी दे, औषध दे, डबा दे, बैलाला सोड. या गाण्यात माझ्याकडे कोणी काही मागत नाही. केजनची संथ गाणी असतात, त्यात गाणारा माणूस उंच आवाजात ओरडल्यासारखं गातो, वावराच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसं. तो रडतो आहे हे कळतं. कशासाठी ते कळत नाही. मला ते पुरतं.

मग आत्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या. त्रास झाला नाही.

सगळे म्हणाले, सुटली बिचारी, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, तूही सुटली. मी सुटले नाही. इतके दिवस मी त्यांच्या खाटेजवळ खाली झोपत होते आणि माझा कान त्यांच्या श्वासाकडे असायचा. श्वास चालू असला की मी झोपायची, जरा अडकला की जागी व्हायची. आता ऐकायला काहीच उरलं नाही, आणि शरीराला वाटायचं की श्वास अडकला आहे. डोळा लागला की दचकून उठायची. खाट रिकामी दिसायची. दिवसा निंदण करताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले डॉक्टरला दाखव. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भूक लागली, झोप आली नाही.

मालक वावरात गेले असताना एका दुपारी मी फोन काढला. वर्ष सुरू होतं हे मला ठाऊक होतं. आवाज अगदी कमी ठेवला. पण कमी आवाजात ती पेटी नुसती किरकिर करत होती, म्हणून फोन रिकाम्या गंजात उभा केला. पातेल्यात ठेवला की आवाज गोल होतो. संथ गाणं होतं. पेटी ताणली की ती हवा आत घेते, दाबली की सोडते, आणि दोन सुरांच्या मधे तो श्वास ऐकू येतो. मी भिंतीला टेकून बसले होते. माझी मान खाली आली. झोप नव्हती ती, पण जागही नव्हती. खूप दिवसांनी माझा कान एका जागी बसला होता.

त्यानंतर रोज दुपारी मी ते लावू लागले. दार लोटून, गंजात ठेवून. तेवढ्या आधारावर मी उरलेला दिवस काढत होते.

भीती होती ती मोठ्या जाऊबाईंची. मी त्यांना बाई म्हणते. त्या मला लहानी म्हणतात. घराण्यात कुणाचं काय पाळायचं, कुणाच्या पानात काय वाढायचं, हे बाईंना विचारून होतं. त्या वाईट नाहीत. पण त्यांनी एकदा नाही म्हटलं की गावात कोणी हो म्हणत नाही. त्यांनी हे ऐकलं असतं तर माझी दुपार गेली असती. एवढीच माझी चिंता होती, आणि ती लहान नव्हती.

श्रावण संपत आला तेव्हा झड लागली. वावरात पाय टेकवता येईना. सोयाबीन पाण्यात उभं होतं. सगळ्या बायका घरी. त्या दिवशी एकादशी होती, ते मी विसरले. पाऊस पत्र्यावर पडत होता म्हणून मी फोनचा आवाज थोडा वाढवला. तेवढ्यात पाऊस थांबला. मी ताटं घासत होते, आवाज कमी करायचं ध्यानात आलं नाही.

दार ढकललं गेलं. बाई होत्या, आणि त्यांच्या मागे गल्लीतल्या दोघी. एक खालच्या घरची म्हातारी, हातात टाळ घेऊन. दुसरी माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी.

"काय वो माय," ती म्हणाली, "भजन ठेवलं अन् आमाले बलावलं बी नाई. पेटी आयकली तवा आलो."

"सासूच्या नावानं ठेवलं असंन," म्हातारी म्हणाली. "चांगलं केलं पोरी. एकादशीचं."

दुखवट्याच्या घरात भजन चालतं. भजनाला कोणी नाही म्हणत नाही. तिघींनी पाय धुतले आणि गंजाभोवती बसल्या. गंजासमोर बसल्या असं लिहिलं तर हसू येईल, पण तशाच बसल्या, पदर डोक्यावर घेऊन. म्हातारीनं गंजाला हात लावून नमस्कारही केला. मी परत ताटांकडे वळले. मला लोकांपुढे बोलता येत नाही.

म्हातारी टाळ वाजवू लागली. संथ गाणं होतं. तिचा टाळ एकदा बरोबर पडायचा, मग हुकायचा.

"हात चुकून राह्यला," ती म्हणाली. "कोनत्या गावचे महाराज हायेत?"

"लांबचे हायेत," मी म्हणाले.

"भाषा कानडी दिसते," दुसरी म्हणाली.

"कानडी नोहे. कानडी मले कळते," म्हातारी म्हणाली. "माहा भाऊ सोलापुराकडं होता."

"मंग तेलुगू असंन. मोठे तळमळून म्हनून राह्यले बापा. देव भेटला नाई वाटते त्याइले."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी ताटाकडे.

ते गाणं संपलं आणि फोननं आपल्या मनानं झायडेको लावलं. पत्रा खरवडायला लागला. मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं. पण म्हातारीचा टाळ या वेळी बरोबर जागी पडला. भरल्या अंगाच्या दुसरीचा गुडघा हलायला लागला. तिनं तो हातानं दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला.

"महाराज रंगात आले," ती म्हणाली.

"येतेच. शेवटाले येतेच," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटून टाळ वाजवत राहिली.

बाई पाणी प्यायला उठल्या. माठाकडे जाताना त्यांनी गंजात वाकून पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. गंजात काय दिसत असेल ते मला माहीत होतं. पत्र्याची बंडी घातलेला माणूस, आणि पुढे जोडीनं नाचणारे बायका-पुरुष. बाई तांब्याभर पाणी प्यायल्या, परत येऊन आपल्या जागेवर बसल्या आणि दोन्ही हात जोडून मांडीवर ठेवले. गाणं संपेपर्यंत तशाच बसल्या. मी फोन बंद केला. दोघींना साखर दिली, प्रसाद म्हणून. म्हातारी म्हणाली, पुढच्या एकादशीले बी ठेवजो. गेल्या.

बाई थांबल्या.

"लहाने, हे भजन नोहे."

"नोहे."

"नाचाचं हाय."

"हाय."

"वर्षाच्या आत घरात नाच लावला तू."

"तुमी त्याइच्यापुढं काहून नाई बोलल्या?"

"त्याइच्यापुढं कायले बोलू? माह्या घरची चर्चा म्या गल्लीत करू?"

मग मी सांगितलं. इतकं मी त्यांच्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. आत्याबाई हे रोज लावायला लावायच्या, लग्नाचं म्हणायच्या, नवरदेवाबद्दल विचारायच्या. आणि मला झोप नाही, हे लागलं की जरा पडवतं. बाई ऐकत होत्या. मला वाटलं त्या रागावतील. त्यांचे ओठ बारीक झाले, पण राग नव्हता तो.

"मले नाई कधी म्हनल्या त्या," बाई म्हणाल्या. "म्या रोज सकाई येत होती. मले एवढंच म्हनत, जेवली का, गाय दूध देते का."

त्या सकाळी यायच्या आणि दारातूनच विचारून जायच्या, हे मी म्हटलं नाही. त्यांनाही ते आठवलं असावं. त्या म्हणाल्या,

"बुढीले नाच आवडत होता अन् मले माहीत नाई. चाळीस वर्सं झाले मले ह्या घरात."

मग त्यांनी निवाडा दिला. लावायचं असेल तर लाव, पण मी इथं बसली असंन तवाच. कोणी विचारलं तर मी सांगीन भजन हाय. तू सांगशीन तर तुह्या तोंडावरूनच कळंन.

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं बळ नव्हतं, आणि गाणं तर राहिलं होतं.

पण त्यात दुपार गेली. बाई रोज जेवण करून यायच्या, भिंतीशी बसायच्या आणि बोलायच्या. सुनेनं भाजीत मीठ जास्त घातलं. गुडघा दुखतो. शेलूबाजारच्या बाजारात टमाटे सडके होते. गाणं चालू, बाई चालू. मी हं हं करायची. मोठी जाऊ समोर बसली असताना धाकटीनं पाय पसरायचे नसतात, टेकायचंही नसतं, म्हणून मी ताठ बसायची. आधी निदान मान टेकायला मिळत होतं. मला वाटलं, हे असं मिळण्यापेक्षा बंद झालं असतं तर सुटले असते. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा चूल फुंकताना तिथंच बसून राहिले, तेव्हा मालकांनी हात धरून उठवलं.

बाईंना गाणं आवडायला लागलं होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. एकदा त्या म्हणाल्या, "तो पत्रेवाला लाव, हा रडका नको." एकदा म्हणाल्या, "ते मोठ्या डेगीत भात शिजवून राह्यले, त्यात खेकडे टाकले का?" मी म्हटलं झिंगे असतील. त्या म्हणाल्या, "असंन बापा, पान्याचा मुलूख." आणि परत सुनेवर गेल्या.

झड उघडली. उडदाच्या शेंगा तोडायच्या होत्या. पहाटेपासून आम्ही वावरात होतो. दुपारी मी घरी आले तेव्हा अंगाला उन्हाचा आणि चिखलाचा वास येत होता आणि पाय माझे वाटत नव्हते. बाई आल्या. मी फोन गंजात ठेवला आणि भिंतीशी बसले. संथ गाणं लागलं. पेटीनं श्वास घेतला. बाई सुनेच्या माहेरचं काहीतरी सांगत होत्या. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी आडवी होते. चटईवर, पाय पसरून, पदर कुठल्या कुठे. उन्हं दारातून सरकून भिंतीवर गेली होती. फोन वाजतच होता, बाईंना तो बंद करता येत नाही. बाई तिथंच बसल्या होत्या. त्यांनी माझं सूप ओढून घेतलं होतं आणि माझी तूर निवडत होत्या. आमच्या घरात त्यांनी कधी कामाला हात लावला नव्हता. तोंड बंद होतं त्यांचं.

मी घाबरून उठायला लागले. पदर शोधत होते.

"पडून राह्य," बाई म्हणाल्या.

"चहा मांडते, बाई."

"म्या मांडते. तू घोरून राह्यली होती बुढीवानी. म्या तवाच बोलनं बंद केलं."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. भांडी वाजली. डबे एकामागून एक उघडत होत्या.

"साखर कोठी ठेवली वो?"

मी पडल्या पडल्याच सांगितलं.